बारीक पांढऱ्या गोळ्या

१२ जानेवारी १९८६, भांडुप
मुलुंडच्या स्थळाचा निरोप आला — मुलगी फार हडकुळी. बस्स, एवढंच. माझ्या धाकट्या बहिणीला, शकुला, तिसऱ्यांदा हेच ऐकायला लागलं. ती गुपचूप कप विसळत बसली. मी भांडी आपटली.

१४ जानेवारी
सुचलं! दम्यासाठी डॉक्टरांनी मला त्या बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या. पाचच दिवस घ्या म्हणाले होते. पण दम लागला की मी जुनीच चिठ्ठी घेऊन मेडिकलवाल्या कुंडलिककडे जाते. तारीख कोण बघतं? दम थांबतो, भूक वाढते, गालही वर आलेत. चाळीतल्या बायका विचारतात, "विमल, टॉनिक कुठलं गं?"
शकुला आजपासून रोज देणार. म्हणाली, "ताई, मला कुठे दमा आहे?" म्हटलं, गुण बघ, आजार कशाला बघतेस.

२ मार्च
शकुचा चेहरा गोल झालाय. शेजारच्या शेवंतीकाकू म्हणाल्या, "चेडू कसां भरलां गो!" गुडघ्यांसाठी त्यांनीही त्या गोळ्या मागितल्या. दिली एक पुडी. घरातून हे ओरडले, "डॉक्टरीणबाई, दवाखाना बंद करा." चिडले मी. बायकांना बरं वाटतं ते यांना दिसत नाही.

१६ मार्च
मुलुंडची माणसं पुन्हा आली. होकार! मुलाची आई म्हणाली, "आता कशी छान दिसते." शकु खाली मान घालून हसली. झोप लागत नाही म्हणते, हात थरथरतात. लग्नाची धाकधूक असेल. तरी मनात काहीतरी टोचतंय. उगाच तीनदा ओटा पुसला.

३० मार्च
शकुला म्हटलं, सोड आता गोळ्या. काम झालं.

४ एप्रिल
शकु नळावरच कोसळली. कालपासून उलट्या होत्या, मी म्हणत होते पित्त असेल. पित्त! रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, हात गार पडले होते.
हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस घेऊन एकदम बंद केल्या? दिल्या कोणी?" शकुच्या होणाऱ्या सासूबाई कळताच मुलुंडहून आल्या होत्या, तिथेच उभ्या होत्या. शकु डोळे मिटून म्हणाली, "मीच आणल्या." आणि मी गप्प. माझी लाज वाटते मला.

५ एप्रिल
सकाळी डॉक्टरांना खरं सांगितलं, सासूबाईंसमोरच. त्या निघून गेल्या. जाऊ देत. शकु वाचली, पण तिला उठून बसवत नाही.
डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, "या स्टिरॉइडच्या गोळ्या एकदम तोडल्या तर जिवावर बेततं, आमच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या असतात. आणखी कोणाला दिल्यात?"

५ एप्रिल, दुपार
धावत शेवंतीकाकूंकडे गेले. म्हटलं, काकू, चला दवाखान्यात. त्या म्हणाल्या, "मी खंय घेतलंय? ती पुडी गावाक सुनेक धाडलंय. बाळंतपणान सुकलेली. आता पुडी संपली आसतली."
गावात फोन नाही. तार करायला निघालेय. तारेत काय लिहू?