न झालेल्या सभेचं इतिवृत्त

६ जानेवारी २०२६, मंगळवार

काल लिहिलं ते चूक आहे. 'महाविद्यालय विकास समितीची सभा झाली, मी गप्प बसून होते' असं लिहिलंय. सभा झालेली नाही. मी कुठे बसले नव्हते आणि गप्पही नव्हते — दुपारी दोन ते तीन प्रथम वर्षाला राज्यशास्त्र शिकवत होते. विषय: गणपूर्ती!

खोडणार नाही. चूक तशीच राहू दे, खाली दुरुस्ती.

खरं झालं ते असं. सकाळी भिमाजी भाऊसाहेब, आमचे हेडक्लार्क, स्टाफरूममध्ये सभेच्या हजेरीचं रजिस्टर घेऊन आले. कोरं पान, वर फक्त तारीख. 'मॅडम, सही.' मी केली. अंगद सरांनी केली, हातातला कप खाली न ठेवता. संध्याकाळी विषयपत्रिकेचा टाइप केलेला कागद आणि इतिवृत्ताचं बुक माझ्या पिशवीत आलं. खोलीवर बसून मी अकरा ठराव लिहिले. 'सभा दुपारी दोन वाजता सुरू झाली. अध्यक्षांनी सर्वांचे स्वागत केले.' ते संपवून ही वही उघडली आणि हात त्याच वळणाने चालत राहिला. स्वतःच्या वहीतसुद्धा! आणि मला ते आज सकाळी दात घासताना कळलं.

७ जानेवारी

समितीत कशी आले तेही एकदा खरं लिहून ठेवते.

कायद्यात आहे — संस्थेचे लोक, प्राचार्य, आणि शिक्षकांनी शिक्षकांमधून निवडून दिलेले तीन जण, त्यांत निदान एक बाई. विद्यापीठाच्या अख्ख्या कायद्यात मला हे कलम सगळ्यात आवडायचं. गेल्या वर्षी प्राचार्यांनी बोलावलं. 'सिल्व्हिया मॅडमची मुदत संपली. पूर्णवेळ बाया दोनच. फॉर्म भरा.' बिनविरोध. मी घरी फोन केला, निवडून आले म्हणून. आप्पांनी मिरजगावात टायरच्या दुकानात पेढे वाटले. 'आमची रेश्मा निवडून आली!' लोक विचारत होते, कुठल्या वॉर्डातून?

आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. कागदावर जे लिहिलंय ते घडलेलंच असतं, असं आप्पांना वाटतं. मलाही वाटायचं.

८ जानेवारी

भाऊसाहेब म्हणाले, 'मॅडम, तुमचं अक्षर म्हंजी छापील. बुक आता तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या.' मला बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण बरं वाटलं.

१० जानेवारी, शनिवार

भाऊसाहेबांनी बुक तपासलं. प्रत्येक ठरावाखाली एक सूचक लागतो, एक अनुमोदक. ही नावं कशी घालायची ते मी जुनी पानं पाहून शिकले — आळीपाळीने. कोण काय बोललं याचा काही संबंध नाही. मी स्वतःचं नाव कुठेच घातलं नव्हतं. संकोच वाटला.

'सगळं झ्याक हाय. पन बाईचं नाव एकाबी ठरावाला न्हाई. विद्यापीठाची कमिटी यील तवा इचारंल ना — बाई नुसती शोभंला ठिवली व्हय? सातला सूचक मोकळा हाय बगा. टाका तुमचं.'

सातवा ठराव: 'कार्यभाराची फेरआखणी सोबतच्या परिशिष्टाप्रमाणे करण्यात यावी.'

'भाऊसाहेब, परिशिष्ट?'

'येतंय की. तुमी टाका.'

टाकलं.

१९ जानेवारी, सोमवार

वाल्मिक सर भूगोलाचे. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर. दरवर्षी नवी नेमणूक, दरवर्षी मुलाखत — त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर, 'तुमचं नाव सांगा' पासून. डिसेंबरात तिसऱ्या वर्षाची सहल हिवरे बाजारला नेली तेव्हा मीही होते. बंधाऱ्यावर उभं राहून ते मातीबद्दल असे बोलत होते की मुलांनी मोबाईल खिशात घातले. आपले आपण!

आज त्यांना पत्र मिळालं. दुसऱ्या सत्रासाठी नेमणूक नाही. भूगोलाचे तास पूर्णवेळ शिक्षकांत वाटून दिले. सोबत ठराव क्रमांक सातची सत्यप्रत. आणि परिशिष्ट. एकच पान होतं. वाचायला मिनिटही लागलं नसतं.

ते स्टाफरूममध्ये आले. कागद माझ्यासमोर ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

'मॅडम, अक्षर तुमचंच ना?'

'हो.'

'सूचक म्हणून नावही तुमचंच?'

'हो, पण सर, मी —'

'नाही, नुसतं विचारलं.'

कागदाची घडी घातली आणि तासावर गेले. शिकवायचे अजून चार दिवस होते. चारही दिवस शिकवतील, मला माहीत आहे.

तीच तारीख, खोलीवर आल्यावर

सिल्व्हिया मॅडमनी मला बाहेर टपरीवर नेलं. इंग्रजीच्या, सत्तावीस वर्षं इथेच. म्हणाल्या, 'अंगद भूगोल शिकवणार! अर्थशास्त्रवाला! अगं, तो नकाशा उलटा धरेल आणि सांगेल, मुलांनो, श्रीलंका वरच्या बाजूला.' मी हसले. मग रडले. 'रडू नकोस, चहा गार होतोय. ऐक. पुढच्या सभेत पहिला विषय काय असतो? मागचं इतिवृत्त वाचून कायम करणे. तेव्हा सभासदाला उठून हरकत घेता येते — हा ठराव मी मांडलेला नाही. ती लिहून घ्यावीच लागते.'

'तुम्ही कधी घेतलीत, मॅडम?'

'मी पाच वर्षं समितीत होते. सभाच झाली नाही, तर उठू कुठून?'

२२ जानेवारी, गुरुवार

प्राचार्यांकडे गेले. राधाकृष्ण सर वाईट माणूस नाहीत, हीच अडचण आहे. खुर्ची दिली, पाणी मागवलं.

'सूचक हा तांत्रिक भाग असतो, मॅडम. कोणाचं तरी नाव लागतं. तुम्ही थोडंच कोणाला काढलंत? समितीने ठरवलं.'

समितीने! समिती म्हणजे कोण, हे विचारणार होते. पण समितीत मीच आहे. प्राचार्य संस्थेकडे बोट दाखवतात, संस्था समितीकडे, समिती विद्यापीठाच्या नियमाकडे, आणि नियमात लिहिलंय की शिक्षकांचे प्रतिनिधी लक्ष ठेवतील. म्हणजे पुन्हा मी. कागदावर इतका नीट कारभार मी दुसरा पाहिला नाही.

दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, 'तुमचं प्रोबेशन फेब्रुवारीअखेर संपतंय ना? काम छान आहे तुमचं. असंच राहू द्या.'

येताना हे वाक्य शंभरदा उलगडून पाहिलं. धमकी नेमकी कुठल्या शब्दात होती ते सापडत नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं आणि एसटी धरून मिरजगावला. आप्पा ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होते. सगळं सांगितलं.

'न झाल्याल्या मिटिंगला तू हजर कशी काय?'

'सही केली, आप्पा.'

'बरं. मग मिटिंगमधी काय बोल्लीस?'

'अहो, मिटिंग झालीच नाही!'

'मंग त्या मानसाला काढलं कुनी?'

गिऱ्हाईक आलं, गेलं. मग हात पुसत म्हणाले, 'गप ऱ्हा महिनाभर. पर्मनंट हु दे. मंग बोल काय बोलायचं ते.'

पेढे वाटणारे हेच आप्पा. मला वाटलं होतं, ते म्हणतील — बोल! मी त्यांच्या तोंडून ते ऐकायलाच गेले होते, हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

आई भाकरी थापत होती. इतकंच म्हणाली, 'त्या मास्तराला लेकरं किती?'

'दोन.'

मला तीन भाकरी बांधून दिल्या.

३ फेब्रुवारी, मंगळवार

भाऊसाहेब रजिस्टर घेऊन आले. वर तारीख: ९ फेब्रुवारी. सहा दिवसांनंतरच्या सभेला मी आजच हजर!

'सभेत बसूनच सही करते मी.' हे वाक्य मी आठवडाभर पाठ केलं होतं. बरोबर म्हटलं, आवाजही कापला नाही.

भाऊसाहेब हसले. मग हसायचे थांबले. 'मॅडम, धा तारखंला विद्यापीठाची कमिटी हाय. माजी रिटायरला दोन वर्सं ऱ्हायली. मला कशाला मधी घेता?' पेन पुढे धरून उभेच. दारात मुलं वह्या घेऊन थांबलेली. अंगद सर म्हणाले, 'करून टाका हो मॅडम, घंटा झाली.'

केली.

घंटा झाली म्हणून!!

बुकही घेऊन गेले. 'कमिटीपुढं ठिवायचंय.'

१० फेब्रुवारी, मंगळवार

विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती आली. नाव भारदस्त, माणसं तीन, दुसऱ्या कॉलेजांतले प्राध्यापकच. शाल, नारळ, फोटो. ग्रंथालयात दहा मिनिटं, प्रयोगशाळेत सात, जेवायला दीड तास. आमच्याकडच्या झणझणीत शिपी आमटीची तारीफ झाली.

मग शिक्षक-प्रतिनिधींना आत बोलावलं. त्यांच्या अध्यक्षांनी फाईलमधून मान वर केली.

'समितीच्या सभा नियमित होतात ना, मॅडम?'

प्राचार्य खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं असतं तरी मला सबब मिळाली असती. कोणीच काही केलं नाही. मीच म्हणाले —

'हो, सर.'

कमिटीतल्या बाईंनी बुक चाळलं. 'किती सुरेख अक्षर! आमच्या कॉलेजात असं लिहिणारं कोणी नाही.' म्हणजे तिथेही कोणीतरी लिहितंच. आणि घरीच लिहीत असणार. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं, आता विचारतील. पान उलटलं त्यांनी.

शिक्षकांनी शिक्षकांना विचारलं, शिक्षकांनी शिक्षकांना उत्तर दिलं. कायद्याबाहेर काहीसुद्धा घडलं नाही.

११ फेब्रुवारी

हो, सर. हो, सर. दिवसभर कानात.

१४ फेब्रुवारी, शनिवार

वाल्मिक सर नकाशे न्यायला आले. विभागातले निम्मे नकाशे त्यांच्या स्वतःच्या पैशांचे, हे मला आज कळलं. गुंडाळ्या त्यांनी मोटारसायकलला आडव्या बांधल्या. मी दुसरं टोक धरलं.

'आता काय, सर?'

'राशीनला एकाचा स्पर्धा परीक्षेचा क्लास आहे. बघू.' मग दोरी ओढता ओढता, 'एक विचारू? ते परिशिष्ट तुम्ही वाचलं होतंत?'

'नाही.'

'मग ठीक आहे.'

काय ठीक आहे? वाचून केलं असतं तर मी त्यांची वैरी तरी झाले असते. वैऱ्याकडे माणूस निदान बघतो. ते गाठ बघत होते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तिसऱ्या वर्षाची मुलं तासानंतर आली. करण पुढे, बाकी मागे. 'मॅडम, अंगद सर नुसतं वाचून दाखवतेत. वाल्मिक सर कधी येणार हायेत? तुमी कमिटीत हात ना? सांगा की.'

'सांगते', म्हणाले. पुन्हा एक खोटं. की यावेळी नाही? माहीत नाही.

हरकतीचा अर्ज लिहिला. पाच मसुदे झाले. सहा ओळी आहेत. नऊ तारखेच्या पानावर काय लिहिलंय ते पाहायला बुक मागितलं. भाऊसाहेब म्हणाले, 'सायबांच्या कपाटात हाय, किल्ली न्हाई.' सिल्व्हिया मॅडम म्हणतात, आजच दे. आप्पा म्हणतात, महिना जाऊ दे. मी ठरवलं — मार्च उजाडल्यावर. कायम झाले की मला कोणी हात लावू शकत नाही, मग माझ्या शब्दाला वजन येईल, वाल्मिक सरांनाही त्याचाच उपयोग होईल, वगैरे. कारणं इतकी नीट रचली आहेत की ठरावच वाटतात.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्र आलं. सेवेत कायम. आधार: विकास समितीची शिफारस, ९ फेब्रुवारीची सभा, ठराव क्रमांक दोन. सत्यप्रत जोडली आहे. त्याच पानावर ठराव एक: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले, हरकत नाही. सोबत हजेरीचं पान, त्यावर माझी सही. म्हणजे हरकतीची वाट तेव्हाच बंद झाली होती, आणि वाल्मिक सरांचं जाणं ज्या पानावर पक्कं झालं त्याच पानावर माझं राहणं. ती सभा झाली नाही असं म्हटलं की मीही कायम नाही.

अर्ज पुन्हा लिहिला. कुलसचिवांच्या नावे, एक पान. दोन्ही सभा झाल्या नाहीत. दोन्हींवर सही माझी. कमिटीसमोर मी खोटं बोलले. माझी शिफारसही त्याच सभेतली, तीही तपासावी. विद्यापीठाच्या आवक विभागात स्वतः नेऊन देणार, पोच घेणार. गुरुवार, ५ मार्च, सकाळी अकरा.