इंजिनाची बैठक

१२ मार्च, सकाळी
निश्चय झाला. ट्रक हलतो, तो दोष वयाचा नाही, माउंटिंगचा आहे. म्हणजे इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं, त्यांचा. चोवीस वर्षांची पिकअप, आठ सिलिंडर. एके काळी चढावर भल्याभल्यांना मागे टाकायची. रविवारी बायकोला बहिणीकडे जायचंय. तीन तासांचा रस्ता. ट्रकनेच जाऊ म्हटलं, पूर्वीसारखं, शेजारी शेजारी. ती म्हणाली, त्याचं गदागदा हलणं थांबलं तर बसेन, नाहीतर बस आहेच. अट मान्य. काम दोन तासांचं.

१३ मार्च
मेकॅनिककडे. गिअर टाकताच इंजिन एका बाजूने उठलं. उत्तर येणारा मुलगा बाकावरून उठतो, तसं. डावं फाटलंय म्हणाला. काका, दोन्ही बाजूंना कंपनीची रबरी घ्या, डोळे मिटून. मी रेसिंगच्या कडक माउंटिंगचं विचारलं. म्हणाला, इंजिन हलायचं थांबेल हो, पण मग तुम्ही हलाल. रबर थरथर गिळतं, ती गिळत नाहीत.
माणूस चांगला, पण गद्य. या इंजिनाला रबर म्हणजे शार्दूलविक्रीडिताला बडबडगीताची चाल. कडक मागवली.

१४ मार्च, दुपारी
पार्सल आलं. काम स्वतःच करणार. जॅकने इंजिन उचलताना मध्ये लाकूड लागतं. भाजी चिरायची फळी घेतली. चांगली होती. मोडली.
बायकोने टोमॅटो ताटात कापले, आवाज करून.

१५ मार्च
एक बोल्ट हलेना. मेकॅनिकला घरी बोलावलं. दीड तासात दोन्ही बसवली. मी मार्गदर्शन केलं. तो म्हणाला, काका, जरा उजेडातून सरका.
गिअर टाकला. इंजिन तसूभर हललं नाही! स्टिअरिंग किंचित गुणगुणतं. आरशात मागचं धूसर दिसतं. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

१६ मार्च
एकट्याने चक्कर. समोरचा कप्पा आपणहून उघडला, दोनदा. दात वाजले, हवा गार होती. मेकॅनिकचा फोन : रबरी आणून ठेवू का? नको म्हटलं. नवी वस्तू आहे, रुळेल. बायकोला कळवलं, इंजिन आता हलत नाही. खोटं एक अक्षर नाही.

१७ मार्च, सकाळी ९
निघालो. ती शेजारी, मांडीवर पर्स. किती वर्षांनी! सिग्नलला थांबलो. तिचा चष्मा हळूहळू नाकाच्या शेंड्यावर आला. प्रसंग काव्याचा होता, म्हणून शाळेतली कविता म्हणायला घेतली. पहिल्याच ओळीत तिने दचकून पाहिलं. म्हणाली, अहो, रडताय का?
नाही म्हटलं. तेही थरथरत आलं.
मग मला स्टँडवर सोडा, म्हणाली.

१७ मार्च, सायंकाळी
तिचा फोन. सुखरूप पोचली. बसमध्ये छान झोप लागली म्हणे, शेवटच्या स्टॉपला कंडक्टरने उठवलं. बुधवारी परत येतेय. स्टँडवर घ्यायला येतो म्हटलं. ती म्हणाली, या ना. पण चालत या.
स्टँड चाळीस मिनिटांवर. बुधवारी लवकर निघावं लागेल.