सीटखालचा गुलाबी ठिपका

अब्बा, तुमची पांढरी गाडी परत बंद पडली. मंगळवारी कुरखेड्याहून येताना, जंगलाच्या मधोमध. माझी पहिली शंका गेली ती नवऱ्यावर. आदल्या दिवशी पेट्रोल त्यानंच भरून आणलं होतं. कुठं भरलं, नीट पाहिलं का, मध्ये गाडी कोणाला दिली, मी फोनवर विचारत सुटले. शेवटी तो म्हणाला, "मिस्त्रीची पोरगी आहेस खरी." राग आला, पण खोटं काय होतं त्यात? आपल्या घरात दूध नासलं तरी आधी माणूस शोधतात.

गाडी ओढून तुमच्या दुकानात आणली, आता ते मीच चालवते. तुम्ही शिकवलं तसंच केलं. चावी फिरवायची आणि मागच्या सीटला कान लावायचा. टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणला पाहिजे. नाहीच गुणगुणला, तरी लगेच पंप बदलायचा नाही. आधी फ्यूज, मग रिले, मग अर्थिंगची तार. "पंप गरीब रायते, बेटा," तुम्ही म्हणायचात, "आळ पयले त्याच्यावरच येते." पंप गप्प होता. फ्यूज ठीक, रिले ठीक. मी सीट उचलली.

ड्रायव्हरभाऊ आठवतात ना? न आठवून कसं चालेल? कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावचे, नऊ वर्षं हीच गाडी भाड्यानं चालवायचे. तुम्ही गाडीला नवा रंग मारला आणि त्याच महिन्यापासून ती वाटेत बंद पडू लागली. धक्का बसला की चालू, पुढं गेली की बंद. दोन पंप जळाले. भाऊ पेट्रोल काढून विकतात आणि टाकीत घासलेट ओततात, हे तुम्ही मनाशी ठरवून टाकलं. दुकानासमोर भर बाजारात बोललात, "नऊ वर्षं खाल्लं माह्या घरचं, अन् माह्याच टाकीत घासलेट टाकून राह्यला तू?" भाऊ म्हणाले, "मी नाई, मिस्त्री." एवढंच. चावी काउंटरवर ठेवली आणि पायी स्टेशनकडं गेले. महिन्याभरात गाडी सुधारली. "पाह्य," तुम्ही सगळ्यांना सांगितलं, "चोर गेला, गाडी सुधरली." त्यानंतर भाऊंच्या हाती आपल्या नागभीडात कोणी गाडी दिली नाही.

सीटखाली अर्थिंगचा पेच दिसला. त्यावर नखपॉलिशचा ठिपका. तुमची ती खोड मी विसरलेच नव्हते. दुसऱ्या कोणी पेच खोलला तर ठिपका फुटावा आणि आपल्याला कळावं, म्हणून प्रत्येक पेचाला पॉलिश. ईदेला मला घेतलेली लाल बाटली आठ दिवसांत तुमच्या अवजारांच्या पेटीत गेली होती. पण हा ठिपका गुलाबी होता. खरवडला तर खाली फुटलेला लाल. पेच काढला. तारेच्या टोकाखाली पांढरा रंग गोल घासून काढलेला होता, आणि त्या उघड्या लोखंडावर आता गंज चढला होता.

तेव्हा उलगडलं. रंग मारल्यावर तुम्ही तार रंगावरच आवळली होती, घाईत. मध्ये रंग असला की अर्थिंग लागत नाही, पंप मध्येच थांबतो, हे मला तुम्हीच कान धरून शिकवलं होतं. मागून तुम्हाला ते सापडलं. गपचूप रंग घासलात, तार बसवलीत, वर गुलाबी ठिपका दिलात. गुलाबी बाटली माझ्या लग्नाच्या सामानातली. ती अर्धी झाली म्हणून मी मावसबहिणीशी भांडले होते, अब्बा! आणि लग्न भाऊ गेल्यावर दोन महिन्यांनी झालं. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. सहा वर्षं जगलात त्यानंतर, आणि एका शब्दानं बोलला नाहीत. मला तुमचा फार राग आला आहे.

गंज घासला, तार आवळली, पंप गुणगुणला. शनिवारी भाऊ, अधूनमधून येतात तसे, मोटारसायकलचा बल्ब घ्यायला आले, तेव्हा त्यांना सीट उचलून पेच दाखवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी वाकून पेचावर बोट फिरवलं.

"मले मालूम होतं, बाई," ते म्हणाले.

"कसं?"

"तुह्या लग्नात मिस्त्रीनं मले बोलावलं, अन् आपल्या हातानं दोनदा मटण वाढलं. चोराले कोण दोनदा वाढते?"

"मग तुम्ही बोलले काऊन नाई?"

"मी काऊन बोलू? त्यायनं बोलावं म्हणून वाट पाहून राह्यलो होतो."

बल्ब घेऊन ते गेले. हे पत्र कुठं टाकायचं नाही, पेटीतच राहील. एक मात्र तुम्हाला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगायची हिंमत नाही. इतकी वर्षं भाऊ दुकानात आले की मी काउंटरवरच्या चाव्या उचलून ओढणीत बांधायचे. शनिवारीही बांधल्या होत्या, सीट उचलून दाखवायच्या आधी.