सरांची सही

३ मार्च, सकाळी सात
संशोधन संस्थेची जाहिरात आली. रिसर्च असोसिएट, मटेरियल्स सायन्स. शेवटची तारीख ३१ मार्च. वय पस्तीसच्या आत. मला १० एप्रिलला पस्तीस पूर्ण. म्हणजे ही हुकली की दार बंद. पण हुकतेय कशाला? पीएचडीच्या गाइडचं शिफारसपत्र आणलं की झालं. चार दिवसांत अर्ज रवाना!

५ मार्च
सरांकडे गेलो. पलंगावरच होते. नेहमीसारखं म्हणाले, पत्र तूच लिहून आण, मी सही करतो. सगळेच गाइड असं करतात. वर म्हणाले, हात चालतोय तोवर आण. सरांना पहिल्यापासून घाईच फार.

९ मार्च
पहिलं वाक्य झालं. 'उमेदवार अत्यंत हुशार आहे.' 'अत्यंत' जास्त होतंय का? आपणच आपली पाठ थोपटायची म्हणजे बेतानं थोपटावी. उद्या ठरवतो.

१४ मार्च
'अत्यंत' काढला. पत्र पडेल दिसायला लागलं. परत घातला. फॉन्ट बदलला. आई म्हणाली, अरे ते आजारी आहेत, आहे तसं घेऊन जा. अति घाई संकटात नेई, हे तिला कोण सांगणार.

१९ मार्च
काकूंचा, म्हणजे सरांच्या मिसेसचा फोन. सर विचारताहेत, घोडं कुठं अडलंय? म्हटलं, फिनिशिंग चाललंय. काकू म्हणाल्या, आज त्यांना चमचा धरवला नाही. म्हटलं, आराम करू द्या, मी सोमवारी येतोच.

२३ मार्च, सोमवार
गेलो नाही. शेवटचा परिच्छेद ढिला वाटतोय. असलं पत्र सरांपुढे ठेवणं म्हणजे त्यांचाच अपमान.

२७ मार्च
पत्र पूर्ण! दोन पानं. माझ्याबद्दल इतकं तर सरांनाही माहीत नसेल. उद्या सकाळी सही, दुपारी अर्ज.

२८ मार्च
दाराबाहेर चपलाच चपला. सर पहाटे गेले.
पत्र खिशात होतं. कुणाला दिसू नये म्हणून हात खिशातच ठेवला. शेवटचा नमस्कारसुद्धा धड केला नाही मी.

१० एप्रिल
काकूंनी बोलावलं. सरांच्या उशाखाली माझ्या नावाचं पाकीट होतं, गडबडीत द्यायचं राहिलं म्हणाल्या. आत सरांच्याच हातचं पत्र. ओळी खाली घसरलेल्या, अक्षर थरथरलेलं. तारीख २२ मार्च. 'मुलगा हुशार आहे. काम मनापासून करतो, फक्त हातून सोडवत नाही त्याला. त्याला घ्या.' खाली सही.
सोमवारी तू आलास की देणार होते, काकू म्हणाल्या. दिवसभर दाराकडे बघत होते.
रस्त्यात रडलो. तीन ओळी होत्या. 'अत्यंत' कुठेच नव्हता.
घरी आल्यावर आईने विचारलं, अर्जाचं काय झालं रे?
म्हटलं, उद्या सांगतो.