वाटणीच्या दिवशी माय

विकास,

तू उठशील तवा मी रिठदच्या बसमध्ये असन. वावराच्या वाटणीले तुहे काका-मामा तिथं जमले हायेत. मायचं डोकं गेलं, तिले चालताही येत नाही, असं त्यायले तूच सांगतलं ना?

तुह्याच बायकोनं मले शिरपूरले म्हाताऱ्यायच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणे, "प्रयागबाई, हे म्हातारपण नाही. या झोपेच्या गोळीनं तुमचा तोल जातो, विसर पडतो." तिनं सांगतलं तशी गोळी हळूहळू सोडली, खुर्चीवरून उठा-बसाचा व्यायाम केला. तू रोज गोळी हातावर ठेवत होता, मी आधी अर्धी, मंग सारीच चुलीत टाकत होती. वाटणीच्या दिवशी तुले मी झोपलेलीच पाह्यजे होती.

भाकर टोपल्यात हाय. खाऊन रिठदले ये. पण मी बोलून राह्यली असन तवा मधात तोंड घालू नको.

माय