नऊ चुकांचं पत्र

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तुझ्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, म्हणजे ते तुला जरा कमी छळतील.

गेले काही दिवस कानात तुझं शिवणाचं मशीन चालू आहे, साठ वर्षांपूर्वीचं. मी भिंतीला टेकून कविता पाठ करायचो आणि तू पलीकडच्या खोलीत पायडल मारायचीस. मला भुजंगप्रयात जमला तो गुरुजींमुळे नव्हे, तुझ्या पायडलमुळे. तुझा दोरा तुटला की माझी ओळही तिथेच अडकायची.

हे आठवलं ते निवाऱ्यामुळे. ज्यांना घर उरलेलं नाही अशा मोठ्या माणसांना पुन्हा स्वतःच्या पायावर उभं करणारी ही जागा. मी तिथे दुपारचा मदतीला जातो हे तुला मागे कळवलंच होतं. तिथे राहणाऱ्या एका बाईंनी कोपऱ्यातलं गंजलेलं मशीन तेल घालून चालू केलं. सगळे त्यांना आता शिवणवाल्या म्हणतात. मी हातातलं काम टाकून त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी विचारलं, काका, काही शिवायचंय का. मी म्हणालो, नाही, ऐकायचंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता यांनाही इथेच एक खाट द्यावी लागणार.

ताई, ही जागा खरंच बघण्यासारखी आहे. इथे कोणी कोणाला उठवत नाही. आल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात गजराचं घड्याळ मिळतं. उशीर झाला तर नाश्ता चुकतो, पण बोलणी बसत नाहीत. व्यवस्थापिका बाई म्हणतात, उद्या यांच्या घरी यांना उठवायला मी थोडीच जाणार आहे. सगळ्यात वर एक छोटी खोली आहे, तिला सरावाची खोली म्हणतात. बाहेर पडण्याआधी प्रत्येकाने महिनाभर तिथे एकट्याने राहायचं. स्वतः रांधायचं, स्वतः कुलूप लावायचं. दार वाजवल्याशिवाय बाईंनासुद्धा आत पाऊल टाकता येत नाही.

सध्या तिथे वेतवाले आहेत. साठीला टेकलेत, खुर्च्यांना वेत विणतात, विणताना बोटं बघत राहावीत अशी. सात वर्षं बाजाराच्या छपराखाली झोपले. पहिला आठवडा ते दार उघडं टाकूनच झोपायचे. आता कुलूप लावतात आणि लावल्यावर एकदा ओढून बघतात. बावीस तारखेला त्यांचा महिना संपतो. तोवर भाड्याची खोली मिळाली नाही तर परत खाली, मोठ्या दालनात. ते मला सरळ म्हणाले, की काका, खाली आलो तर मी तिथे थांबेन असं वाटत नाही. बाजार इथून दहा मिनिटांवर आहे.

एका निवृत्त नर्सबाईंची खोली आहे, त्यांना वेतवाल्यांनी पत्र लिहिलंय. घरमालकाला आपली ओळख ज्याची त्याने लिहायची, आम्ही नुसतं शेजारी बसायचं, असा इथला नियम आहे. पत्र मनापासूनचं आहे, पण शुद्धलेखन बघवत नाही. मी घरी घेऊन आलोय. फक्त वेलांट्या बघतो.

रागावण्यासकट तुझा सगळा लोभ इकडे येऊ दे.
तुझा धाकटा

९ मार्च

चि. कविराजास,
अ. उ. आ. त्यातले निम्मे मी राखून ठेवलेत. का ते पुढे वाच.

तुला मशीनचा आवाज आठवतो. मला आठवतं ते असं, की तू भिंतीला टेकलेला असायचास आणि काजं-बटणं मी एकटी करायचे.

'फक्त वेलांट्या' वाचलं आणि हातातलं काम टाकून हे लिहायला बसले. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलीस, पण तुझा हात एका वेलांटीवर थांबलेला मी पाहिला नाही. लग्नानंतर मी पाठवलेली पत्रं तू लाल शाईने दुरुस्त करून मलाच परत धाडायचास. एकदा मी लिहिलं होतं, की फार कंटाळा आलाय. तू तिथे 'मन उदासीन आहे' केलंस. मी उदासीन नव्हते रे, मला कंटाळाच आला होता. त्या माणसाचा कागद जसाच्या तसा परत कर.

तुमच्या बाईंचं मात्र कौतुक वाटलं. घड्याळाचं मी शेजारणीला सांगितलं. तिचा मुलगा बत्तीस वर्षांचा घोडा आहे आणि अजून तीच त्याला उठवते. म्हणाली, तिकडे एखादी खाट रिकामी आहे का विचारा.

गुडघे तसेच. कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे मी दोन वर्षांत गेलेली नाही.

माया आहे म्हणून बोलते, हे आता सत्तरीत तरी समजून घे.
तुझी ताई

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. आज विनंती करायला तोंड नाही, म्हणून 'वि. वि.' गाळलंय.

तुझं पत्र आलं तेव्हा वेळ निघून गेली होती. वेतवाल्यांनी लिहिलं होतं, की बायको गेल्यावर घरात शिरवेना म्हणून एक दिवस बाहेर झोपलो, तो एक दिवस सात वर्षं चालला. मी त्याचं काय केलं माहीत आहे? नक्षत्रांच्या छताखाली सात वर्षे स्वच्छंद विहार केला. लिहिताना मला ते सुंदर वाटलं, ताई. मी मोठ्याने म्हणूनही पाहिलं. वेतवाल्यांनी वाचलं, म्हणाले, शिकलेली माणसं असंच लिहीत असतील. आणि सही केली.

नर्सबाई भारावल्या. त्यांनी वेतवाल्यांना घरी बोलावलं, बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, की कुठकुठले डोंगर पाहिलेत. वेतवाले म्हणाले, डोंगर नाही बाई, बाजाराचं छप्पर. त्या वाईट काही बोलल्या नाहीत. तुम्ही रस्त्यावर होतात याचं मला काही नाही, म्हणाल्या, मी जन्मभर वॉर्डात सगळ्या तऱ्हेची माणसं पाहिलीत. पण पहिल्याच कागदावर मला फसवलंत. आणि पत्र परत दिलं. वेतवाल्यांनी माझा विषयसुद्धा काढला नाही. सही माझी आहे, एवढंच म्हणाले.

व्यवस्थापिका बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून कपाटात ठेवलं आणि मला भाजी चिरायला बसवलं. शिवणवाल्या शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, काका, निदान भोपळ्याचं तरी काव्य करू नका, जाड चिरा.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो, दार वाजवलं. वेतवाल्यांनी आत घेतलं, चहा केला, माझी माफी निम्मीच ऐकली. त्यांच्यापुढे नवा कागद होता. शेजारी बसा, म्हणाले, पण मी विचारल्याशिवाय सांगू नका. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. त्यांनी एकदाही विचारलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत नऊ चुका झाल्या, ताई. पण कागद पुरा झाला तेव्हा त्यातली एकही दुरुस्त करावीशी वाटली नाही.

त्या पत्राची नक्कल त्यांच्या परवानगीने सोबत जोडतोय, नऊच्या नऊ चुकांसकट. नर्सबाईंकडे पुन्हा जायला ते तयार नाहीत. म्हणतात, एकदा दार उघडलं त्यांनी, तेवढं पुष्कळ. आणखी दोन घरी दिलंय, उत्तर नाही. सात दिवस उरलेत.

उरलासुरला लोभ असेल तर तो मला नको, वेतवाल्यांच्या वाट्याला दे.
तुझा धाकटा

१८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. मागचे राखून ठेवलेलेही यातच घालते. हात मांड्यांखाली दाबून बसलास हे वाचलं आणि राहवलं नाही.

त्यांचं पत्र वाचताना माझं दूध उतू गेलं. 'मला कुलुप लावता येत. मी साहाला उठतो' हे त्यांचं, आणि पुढे ते, की नव्या जागेत पहिले काही दिवस मी दिवा चालू ठेवीन, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. हे गेल्यावर वर्षभर मीही दिवा चालू ठेवत होते. तुला कधी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू त्याची ज्योत केली असतीस.

माझी मागची खोली चार वर्षं बंद आहे. तिचं दार अंगणात उघडतं. तू एका शब्दाने ती सुचवली नाहीस, आणि सुचवली असतीस तर मी नाही म्हणाले असते. मी पंचाहत्तरीची एकटी बाई. मागच्या अंगणात परका माणूस म्हटलं की भीती वाटते, खोटं कशाला सांगू.

तरी त्यांना एवढं विचार. सिगारेट ओढतात का? फाटक लावून घेतात का? मांजर चालतं का? मांजर माझं नाही, पण त्याला तसं कोणी सांगितलेलं नाही. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या गावी, जिथे ओळखीचं कोणी नाही, तिथे राहवेल का? विचारतेय म्हणजे मी ठरवलंय असं समजू नकोस. उत्तरं त्यांना लिहू दे. तू लिहिलीस तर त्यात नक्षत्रं येतील.

तुझ्यावर जीव आहे, पण पेन लांबच ठेव.
तुझी ताई

२१ मार्च, दुपार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. बाईंनी आज पेन परत दिलंय, ते प्रथम तुझ्यासाठी वापरतोय.

निवाऱ्याच्या दाराशी जे टेबल आहे तिथे बसून लिहितोय. तुझे प्रश्न काल वेतवाल्यांच्या हातात दिले. त्यांनी ते उभ्याने वाचले आणि मग बसून वाचले. तेव्हापासून उत्तर लिहितायत. तीन कागद टाकून दिले. मी म्हटलं, घाई करा, उद्या बावीस. तर म्हणाले, घाईने लिहिलेलं एकदा अंगाशी आलंय. सिगारेटचं नाही असं लिहिता येईल, पण दिवसाला दोन होतात, मग त्या लिहायला नकोत का? मांजराचं त्यांनी लगेच लिहिलं. दुसऱ्या गावाचं मात्र अजून लिहिलेलं नाही. तिथेच अडलेत.

बाईंनी त्यांना आठवडाभर आणखी राहायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. खोलीची पुढची पाळी शिवणवाल्यांची आहे. त्यांचा महिना मी का खाऊ, म्हणाले. खिडकी पुसून ठेवलीय, पांघरुणाची घडी केलीय, शेगडी इतकी घासलीय की शिवणवाल्या वर जाऊन बघून आल्या. ताई, मी जन्मभर कवितेत मोठी मनं शोधत बसलो, आणि इथे ती

थांब, दाराशी गाडी थांबलीय. कोणी आलंय.

ताई, हे पत्र आता टपालात पडणार नाही. दारात तू उभी आहेस. एका हातात काठी, दुसरा चौकटीवर, आणि मागे वळून गाडीवाल्याला सांगतेयस, की पिशवी उलटी धरू नकोस. मी खुर्चीतून उठायच्या आत तू आत आलीस. माझ्याकडे पाहून म्हणालीस, की बस तू, मी तुझ्याकडे आलेले नाही. मग बाईंना विचारलंस, वेतवाले कुठे भेटतील.

बाई म्हणाल्या, वर आहेत, पण दार वाजवावं लागेल, आणि उघडायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. चोवीस पायऱ्या आहेत, हेही सांगितलं. त्यांना खाली बोलावू का, असं विचारलं. तू म्हणालीस, माझी खोली घ्याल का विचारायला मी आलेय, त्यांनी का उतरावं?

तुझी काठी माझ्या टेबलाला टेकलेली आहे. तू कठडा धरून निघालीस. शिवणवाल्या एक पायरी मागे राहून तुझ्यासोबत चालल्यात, हात न लावता. मला काही सुचत नाही म्हणून मी लिहितोय आणि पायऱ्या मोजतोय. बाराव्या पायरीवर तू थांबलीस. बराच वेळ थांबलीस.

आता पुन्हा निघालीस. तेवीस. चोवीस.

वर दार वाजलं.