भिंतीवरचा फोटो

तीर्थरूप बाबा,
पासिर रिसहून मेधाचा वाकून नमस्कार.

आम्ही मजेत. आईचा गुडघा कसा आहे?

बाबा, मला एक कळेनासं झालंय. आमचं ऑफिस जहाजांना हवामानाचे अंदाज देतं, ते अमेरिकेतल्या सरकारी खात्याच्या आकड्यांवर. तिथलं नवं सरकार ते खातंच मोडणार म्हणे. की दुसऱ्यात मिसळणार? रोज वेगळंच ऐकते. तिथून माझ्या मेलना उत्तरं देणाऱ्या बाईंनाही काढलं. तुमच्या पाटबंधारे खात्यात सरकार बदललं की भिंतीवरचा फोटो तेवढा बदलायचा ना?

बॉस म्हणतो, काही होणार नाही. नोकरी आहे तोवर या देशात राहायचा पास आहे, पास आहे तोवर आम्ही इथेच. तेव्हा काळजी नसावी.

इराचा शाळेचा गणवेश आणला. यंदा वाढत्या अंगाचा नाही घेतला, मापाचाच घेतला.

तुमची,
मेधा